प्लॅस्टिकचा पत्रा : नरम होणे आणि वितळणे

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागातील जयनगर या वसाहतीत अनेक घरांच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर चालणारा पाण्याचा बंब दिसतो. चैत्र-वैशाखात त्याचे पाणी इतके तापते की त्यात हात धरवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मातोश्रींना या पाण्याने एकदा चांगलीच धास्ती घातली. मनगटाच्या मोडलेल्या हाडावरील प्लास्टर निघाल्यानंतर हाताला आधार म्हणून एका रुग्णालयात त्यांना पांढऱ्या प्लॅस्टिकची आधारपट्टी करून दिलेली होती. तिला घामाचा वास येऊ लागला, म्हणून त्यांनी ती साबणाच्या पाण्यात भिजत घातली. आणि ते पाणी नेमके बंबाचे होते. काही वेळाने पाहतात, तो मनगटाची आणि अंगठ्याची हुबेहूब घडण असलेली ती पट्टी बादलीच्या तळाशी थापलेल्या थालीपिठासारखी पसरून पडलेली!

पट्टी कायमची गेली असे समजून त्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेल्या. तेथील बाईंनी तो तुकडा ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेल्या पाण्याच्या पसरट भांड्यात सोडला. मिनिटभरात पांढरा तुकडा काचेसारखा पारदर्शक झाला. त्यांनी तो बाहेर काढून फडक्याने टिपला, हातावर अलगद पसरला आणि बोटांनी दाबून बसवला. चार-पाच मिनिटांत तो पुन्हा पांढरा आणि पुन्हा ताठ! “काही बिघडले नव्हते, अम्मा,” बाई कानडीत म्हणाल्या, “तिला तिचे मूळ रूप आठवले, एवढेच.”

प्लॅस्टिकच्या पत्र्याला उष्णतेने आकार देण्याची सारी विद्या या लहानशा प्रसंगात सामावलेली आहे. पत्रा तापला, नरम झाला, त्याला आकार दिला, तो निवला आणि आकार टिकला. पुन्हा तापला तेव्हा आकार गेला. यांत पत्रा कोठेही वितळून वाहिला नाही, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही.

दोन शब्दांतील अंतर

मराठीत आपण ‘प्लॅस्टिक वितळले’ असे सरसकट म्हणतो. चुलीजवळ ठेवलेला डबा वाकडा झाला तरी तो ‘वितळला’, आणि पिशवी जळून तिचे थेंब पडले तरी ती ‘वितळली’. भाषेच्या दृष्टीने ही ढिलाई क्षम्य असेल, परंतु पत्र्याला आकार देऊ पाहणाऱ्याने ‘नरम होणे’ आणि ‘वितळणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत. कारण त्याचे सगळे काम त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात चालते.

बर्फाला असा पट्टा नाही. शून्य अंशाच्या अलीकडे तो दगडासारखा कठीण असतो आणि पलीकडे पाणी. याउलट आपल्या स्वयंपाकघरातील चिक्की पाहावी. गुळाचा पाक योग्य तारेवर आला की त्यात दाणे घालून गृहिणी तो तूप लावलेल्या पाटावर ओतते, लाटण्याने सपाट करते आणि गरम आहे तोवर सुरीने रेषा पाडते. या अवधीत पाक वाहत नाही आणि मोडतही नाही; दाबावा तसा दबतो, वळवावा तसा वळतो. थोडा उशीर झाला की सुरीखाली त्याचे तुकडे उडतात. चिक्कीतील पाक ही खरोखर एक प्रकारची काच आहे. तिच्या रेणूंची स्फटिकांप्रमाणे शिस्तबद्ध रचना झालेली नसते. ते जेथे होते तेथे, अस्ताव्यस्त अवस्थेतच, थंडीने गोठून राहिलेले असतात. उष्णता दिली की त्यांना हळूहळू हालचालीची मुभा मिळते आणि पदार्थ नरम होत जातो.

ज्याला आपण ॲक्रिलिक म्हणतो, आणि दुकानांच्या व घरांच्या नामफलकांसाठी जे सर्रास वापरतात, ते प्लॅस्टिक या अर्थाने चिक्कीच्याच जातीचे आहे. फरक इतकाच की गुळातील साखरेचे रेणू लहान असतात, तर प्लॅस्टिकचे रेणू अतिशय लांबलचक साखळ्यांच्या रूपात असतात. हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन अशी एक साखळी बनते, म्हणून शास्त्रज्ञ अशा पदार्थांना बहुवारिके म्हणतात. या साखळ्या भांड्यातील शिजलेल्या शेवयांप्रमाणे एकमेकींत गुंतलेल्या असतात. पदार्थ थंड असतो तेव्हा गुंता थिजलेला असतो. विशिष्ट तापमानाच्या वर साखळ्यांचे लहान लहान भाग हलू लागतात. पत्रा रबरासारखा होतो, ताणता येतो, वाकवता येतो. पण गुंता सुटत नाही, म्हणून तो वाहत नाही. ताणलेल्या अवस्थेत निववला तर ताण आतल्या आत कोंडून राहतो. पुन्हा उष्णता मिळाली की कोंडलेल्या साखळ्या मोकळ्या होऊन मूळच्या ठेवणीकडे परततात. रुग्णालयातील बाईंनी ज्याला ‘आठवण’ म्हटले ती हीच. ॲक्रिलिकची काटकोनात वाकवलेली पट्टी पुन्हा सर्वांगाने तापवली तर ती आपल्या आपण सरळ होऊ लागते. पॉलिस्टायरीनचा पातळ पेला पुरेशा गरम हवेत धरला तर तो आक्रसत आक्रसत शेवटी चपट्या चकतीचे रूप घेतो, कारण कारखान्यात तो पत्र्यापासूनच ताणून काढलेला असतो.

मातोश्रींची पट्टी ज्या पदार्थाची असते त्या वर्गातील मुख्य पदार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोन होय. त्याची तऱ्हा थोडी निराळी आहे. त्याच्या साखळ्यांचे काही भाग स्फटिकांत नीटनेटके रचलेले असतात आणि त्यांच्यामुळेच तो पांढरा दिसतो. सुमारे ६० अंशांवर हे स्फटिक वितळतात व पदार्थ पारदर्शक होतो, परंतु लांब साखळ्यांचा गुंता कायम असल्याने तुकडा हातातून गळून पडत नाही. ज्या प्रकारांत साखळ्या अधूनमधून एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात, त्यांची ‘आठवण’ तर फारच तल्लख असते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. सर्वच प्लॅस्टिके उष्णतेने नरम होतात असे नाही. कुकरचा काळा दांडा किंवा जुन्या घरांतील विजेची काळी बटणे बेकलाइटची असतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेला हा पदार्थ साच्यात तापवला की त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या सांधल्या जातात, आणि मग कितीही तापवला तरी तो नरम होत नाही, शेवटी करपतो. भाजलेली वीट पुन्हा मळता येत नाही, तसाच हा प्रकार. पहिल्या वर्गाला उष्णतामृदू आणि दुसऱ्याला उष्णतादृढ प्लॅस्टिके म्हणतात. पत्र्याला आकार देण्याची कला पहिल्या वर्गापुरतीच आहे.

आपल्या कारागिरांना ही कला प्लॅस्टिकच्या आधीपासून अवगत होती. बंगळुरूहून मैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडी खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख नरम होते आणि लाकडावर तिचा एकसारखा थर पसरतो. आपल्याकडे सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणीही याच लाखकामासाठी प्रसिद्ध आहेत. लाखेच्या बांगड्या तर निखाऱ्याच्या शेकावर नरम करूनच वळवतात. लाख हा किड्यांनी निर्माण केलेला नैसर्गिक राळेसारखा पदार्थ. तिला बेताची उष्णता दिली तर ती उष्णतामृदू, परंतु फार वेळ तापवीत ठेवले तर ती घट्ट होऊन बसते व पुन्हा नरम होत नाही. ती चटकन पेट घेते, हे महाभारतातील लाक्षागृहामुळे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. आजच्या प्लॅस्टिकांच्या बाबतीत मात्र ती आठवण फारशी कोणी ठेवीत नाही.

जयनगरचे उकळते पाणी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. उंचीमुळे हवेचा दाब कमी, आणि दाब कमी म्हणून तेथे पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे ९७ अंशांवरच उकळते. तेव्हा जयनगरच्या रहिवाशाला एक ठरावीक तापमान फुकट उपलब्ध आहे. पातेले कितीही मोठ्या आचेवर ठेवले तरी त्यातील पाणी ९७ अंशांच्या वर जाणार नाही. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या वा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करून पाहावा असा एक प्रयोग यावर आधारलेला आहे.

स्वयंपाकात न वापरावयाचे एक जुने पातेले घ्यावे. त्यात पाणी उकळावे व आच बंद करून लगेच त्यात चिमट्याने निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या बोटभर पट्ट्या एकामागून एक बुडवाव्यात. विजेच्या तारा झाकण्यासाठी भिंतीवर बसवतात ती कडक पांढरी पट्टी पी.व्ही.सी.ची असते. हे प्लॅस्टिक ८० अंशांच्या सुमारास नरम होऊ लागते; पाण्यातून काढताच तिला पीळ देता येतो आणि थंड पाण्यात धरल्यावर तो पीळ तसाच राहतो. पाण्याच्या बाटलीच्या बाजूचा तुकडा पेट या प्लॅस्टिकचा असतो. त्याचे नरम होण्याचे तापमान सुमारे ७० ते ७५ अंश. हा तुकडा नुसता नरम होत नाही, तर वळवळत आक्रसून गुंडाळला जातो, कारण बाटली फुगवताना ताणलेल्या साखळ्या आता मोकळ्या झालेल्या असतात. दुधी रंगाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणाचा तुकडा थोडा लवचीक होतो, पण आकार सोडत नाही. त्याचे स्फटिक वितळण्यास १६० अंशांच्या वर जावे लागते. आणि नामफलक करणाऱ्या कारागिराकडून आणलेला ॲक्रिलिकचा तुकडा पाण्यातून निघतो तो जवळजवळ जसाच्या तसा ताठ.

ॲक्रिलिक सुमारे १०५ अंशांवर काचेची अवस्था सोडू लागते. उकळते पाणी त्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबते. मुंबईचे पाणी जयनगरच्या पाण्यापेक्षा तीन अंशांनी अधिक गरम असले तरी तेही अलीकडेच. नीट वाकवण्यासाठी ॲक्रिलिकला १५० ते १६५ अंशांपर्यंत न्यावे लागते. प्रेशर कुकरमध्ये ११५ अंशांच्या वरचे तापमान मिळते, त्यामुळे चौकस विद्यार्थ्याला त्यात पट्टी घालण्याचा मोह होईल. तो होऊ देऊ नये. ज्या भांड्यात अन्न शिजते त्यात प्लॅस्टिक शिजवू नये, हा नियम येथे निरपवाद आहे. शिवाय तेवढ्या तापमानाने पट्टी अर्धवट नरम होते, आणि अर्धवट नरम पत्रा वाकवणे हे त्याला न तापवता वाकवण्यापेक्षाही वाईट. त्याचे कारण पुढे येईल.

पत्रा वाकवताना

ॲक्रिलिकचा उदय १९३० नंतरच्या दशकातील. जर्मनीत ऑटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवले आणि ब्रिटनमध्ये हेच प्लॅस्टिक ‘पर्स्पेक्स’ या नावाने निघाले. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छतासाठी त्याचा उपयोग होऊ लागला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे उत्पादन झपाट्याने वाढले. तापवलेला पत्रा मऊ कापड लावलेल्या साच्यावर पसरून, किंवा कडा आवळून खालून हवा फुंकून, ही छते करीत. फुंकण्याच्या पद्धतीत पत्र्याच्या मधल्या भागाला साच्याचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे त्यावर डाग पडत नाहीत. बंगळुरूला हा विषय परका नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथेच विमानांचा कारखाना उभारला, आणि विष्णु माधव घाटगे या मराठी विमानशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तेथे रचलेल्या एचटी-२ या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाने १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. गुरू आणि शिष्य त्यात एकामागे एक बसत, आणि त्यांच्या डोक्यावर पारदर्शक छत असे.

घरी आपल्याला विमान करावयाचे नाही. पुस्तक तिरपे ठेवण्याचा टेकू केला तरी पुष्कळ. तीन मिलिमीटर जाडीचा, हातभर लांब आणि वीतभर रुंद पत्रा त्यास पुरे होतो. ॲक्रिलिकचा पत्रा दोन प्रकारांनी तयार होतो. एकात द्रवरूप कच्चा माल काचेच्या दोन तावदानांमध्ये ओतून घट्ट होऊ देतात. दुसऱ्यात नरम प्लॅस्टिक यंत्राच्या फटीतून दाबून बाहेर काढतात. ओतीव पत्रा अधिक सोशीक असतो, थोडा जास्त तापला तरी बिघडत नाही. म्हणून नवशिक्याने तोच मागून घ्यावा. मात्र पहिल्यांदा सर्वांगाने तापवल्यावर तो लांबी-रुंदीत सुमारे दोन टक्के आक्रसतो व जाडीत किंचित वाढतो. ३० सेंटिमीटरच्या पत्र्यात सहा मिलिमीटरचा फरक पडला तर मापे चुकतात, हे कापण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. दाबून काढलेला पत्रा मुख्यतः ज्या दिशेने यंत्रातून बाहेर पडला त्याच दिशेने आक्रसतो.

सरळ रेषेत वाकवावयाचे असेल तर संपूर्ण पत्रा तापवण्याचे कारण नाही. वाकवण्याच्या रेषेलगतचा अरुंद पट्टा तापवला म्हणजे झाले. घरी यासाठी गरम हवेचा झोत सोडणारी ‘हीट गन’ सोयीची पडते. वरचे संरक्षक कागद प्रथम काढावेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठेवून मधला पट्टा तेवढा उघडा ठेवावा, आणि झोत एका जागी न थांबवता रेषेवरून सावकाश पुढे-मागे फिरवावा. मधूनमधून पत्रा उलटा करून दुसऱ्या बाजूसही उष्णता द्यावी.

घाई येथेच नडते. ॲक्रिलिक उष्णतेचे अत्यंत मंद वाहक आहे. ॲल्युमिनियमच्या मानाने ते उष्णता सुमारे हजारपटीने कमी वाहून नेते. झोताची हवा कित्येक शे अंशांची असते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग करपू लागला तरी आतला गाभा अजून ताठच असू शकतो. आत बुडबुडे दिसू लागले तर समजावे की मर्यादा ओलांडली. ॲक्रिलिक हवेतील थोडा ओलावा शोषून घेते आणि फार तापवल्यावर त्याची वाफ होऊन ती पत्र्यातच अडकते. पावसाळ्यात हा त्रास अधिक होतो. कारागीर अशा वेळी पत्रा ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून आधी वाळवून घेतात.

पत्रा तयार झाल्याची खूण हातालाच कळते. जाड सुती हातमोजे घालून एक कड उचलावी. ती आपल्याच भाराने, किंचितही अडखळल्याशिवाय, खाली वळली पाहिजे. जोर लावावा लागला तर पत्रा तयार नाही. तशा स्थितीत रेटून वाकवला तर तो कदाचित मोडणार नाही, परंतु त्याच्या आत ताण कोंडला जाईल. असा टेकू वरून निर्दोष दिसतो. काही दिवसांनी कोणी तो चकचकीत करण्यासाठी स्पिरिटने पुसतो आणि वाकणाजवळ केसासारख्या बारीक तड्यांचे जाळे उमटते. दोष स्पिरिटचा नसतो, वाकवण्याच्या वेळच्या उतावळेपणाचा असतो. वाकाची गोलाई पत्र्याच्या जाडीच्या निदान दुप्पट त्रिज्येची असावी, लाकडी ठोकळ्याला टेकवून पत्रा पुरता निवेपर्यंत तो धरून ठेवावा, आणि लवकर व्हावे म्हणून त्यावर पाणी मारू नये. पाण्याने बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागून आक्रसतो आणि पुन्हा ताण उत्पन्न होतो.

पॉलिकार्बोनेट नावाचे दुसरे पारदर्शक प्लॅस्टिक ॲक्रिलिकसारखेच दिसते, परंतु त्याला नरम होण्यासच १५० अंशांच्या जवळपास जावे लागते व वाळवण्याची कटकटही जास्त असते. दुकानदाराला विचारल्याशिवाय पत्रा घेऊ नये.

धूर, ज्वाला आणि वीज

महाराष्ट्रातील शेतांवर पी.व्ही.सी.च्या नळाचे टोक जाळावर शेकून रुंद करणे आणि त्यात दुसरा नळ बसवणे हे नित्याचे दृश्य आहे. कारागिराचा हात बसलेला असतो, टोक तो सतत फिरवीत राहतो आणि काम मिनिटभरात उरकतो. तरीही ही पद्धत अनुकरणीय नाही. पी.व्ही.सी.च्या साखळीत क्लोरीन असते. नरम होण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ पुढे ते तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. त्याचा ओलाव्याशी संयोग झाला म्हणजे तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, खोलीतील लोखंडी वस्तू गंजतात. नळाचा रंग तपकिरी होऊ लागला की हा वायू सुटू लागला असे समजावे. म्हणून ज्वालेऐवजी गरम हवा वापरावी, आणि बंद खोलीत तर पी.व्ही.सी. मुळीच तापवू नये.

ॲक्रिलिक अति तापले तर फळांच्या अर्काची आठवण व्हावी असा गोडसर पण उग्र वास येतो. साखळ्या तुटून मूळचे घटक वाफेच्या रूपाने निघू लागल्याची ती सूचना असते. ही वाफ पेट घेऊ शकते. पेटलेले ॲक्रिलिक मेणबत्तीसारखे शांतपणे, पण चिकाटीने जळते, म्हणून गॅसची शेगडी या कामी निषिद्ध मानावी. वाळूने भरलेली बादली जवळ असू द्यावी, खिडक्या उघड्या असाव्यात आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे किंवा हातमोजे घालू नयेत. तेही उष्णतामृदू प्लॅस्टिकच आहेत आणि कातडीला चिकटतात. ज्या प्लॅस्टिकची ओळख पटत नाही ते तापवूच नये, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

नायक्रोमची तार ताणून तिच्या उष्णतेवर पत्रा वाकवण्याची युक्ती अनेक हौशी मंडळी करतात. युक्ती चांगली आहे. परंतु उघडी तार घरातील २३० व्होल्टच्या विजेस सरळ जोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. शाळेच्या कार्यशाळेत हे उपकरण करावयाचे असेल तर विजेचा दाब पुष्कळ खाली आणणारा रोहित्र मध्ये असलाच पाहिजे आणि जोडणी जाणत्या माणसानेच केली पाहिजे.

हवेच्या वजनाने

दह्याची प्लॅस्टिकची वाटी, गोळ्यांच्या पाकिटातील खोलगट घरे, आइस्क्रीमचा पेला या सर्व वस्तू पत्र्यापासूनच होतात, पण त्या हाताने वाकवलेल्या नसतात. नरम पत्रा साच्यावर घट्ट बसवून साच्यातील हवा काढून घेतात, आणि बाहेरची हवा त्याला आत दाबते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आणि भोके पाडलेल्या झाकणाची लाकडी पेटी यांच्या साहाय्याने शाळांतही लहानसे उपकरण करता येते. व्हॅक्यूम क्लीनरने वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक-पंचमांश इतका फरक निर्माण होतो. हे फार थोडे वाटेल. पण ३० सेंटिमीटर लांब-रुंद पत्र्यावर त्यामुळे सुमारे १८० किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. तीन धट्टीकट्टी माणसे एकदम त्यावर उभी राहिल्यासारखाच हा प्रकार!

पत्रा खोल ताणला की तो पातळ होतो, हे गणिताने सिद्ध करता येते. गोल चकती फुगवून तिचा अर्धगोल केला तर तिचे क्षेत्रफळ बरोबर दुप्पट होते. प्लॅस्टिक तर तेवढेच आहे, तेव्हा सरासरी जाडी निम्मी झाली. प्रत्यक्षात ती सर्वत्र सारखी निम्मी होत नाही. फुगवलेल्या घुमटाचा माथा सर्वांत पातळ असतो. साच्यात आत ओढलेल्या वाटीत तळाचे कोपरे पातळ असतात, कारण तेथपर्यंत पत्रा सर्वांत शेवटी पोहोचतो. दह्याची वाटी कोपऱ्यालाच का चिरते, हे यावरून समजेल.

जयपूरचा पाय

मनगटाच्या पट्टीपासून आपण आरंभ केला. त्याच मार्गाने एक पाऊल पुढे गेले की कृत्रिम पायापाशी येऊन पोहोचतो. पाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पुढे १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांच्या सहकार्यातून ‘जयपूर फूट’ या नावाने प्रसिद्ध झालेले पाऊल तयार झाले. अनवाणी चालणे, मांडी घालून बसणे, शेतातील चिखलात उतरणे हे सर्व त्या पावलाने साधावे असा त्यांचा कटाक्ष होता. १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हा पाय फार मोठ्या संख्येने लोकांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्रातही त्याची शिबिरे ठिकठिकाणी भरत असतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या पायाची रचना मोठी बोधक आहे. त्याचे पाऊल मुख्यतः रबराचे असते. रबर साच्यात गंधकाच्या योगे पक्के केले जाते, म्हणजे उष्णतादृढ होते. रोज हजारो वेळा दबून आणि वाकूनही त्याने आकार सोडू नये, हे योग्यच आहे. पावलाच्या वरची पोकळ नळी, जिच्यात पायाचा उरलेला भाग बसतो, ती मात्र उष्णतामृदू. तिच्यासाठी उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे नळ वापरले जातात. प्रथम पायाच्या उरलेल्या भागावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेतात, त्या ठशात प्लास्टर ओतून त्या भागाची प्रतिकृती करतात व ती घासून नीट करतात. मग नळाचा तुकडा भट्टीत तापवतात. पॉलिथिलीनचे स्फटिक सुमारे १३० अंशांवर वितळतात. त्याच्या वर गेल्यावर नळ लुळा पडतो, पण गळत नाही. हातमोजे घातलेले कारागीर तो झपाट्याने प्रतिकृतीवर चढवतात आणि मधली हवा शोषून घेतात, की नळ प्रत्येक उंचवट्याला व खोलगटीला बिलगतो. निवल्यावर प्लास्टर फोडून काढावे, कडा कापाव्यात, पाऊल जोडावे. रुग्ण सकाळी कुबड्या घेऊन आला तर पुष्कळदा त्याच दिवशी नव्या पायावर उभा राहतो.

पाय घातल्यावर पहिल्या काही महिन्यांत उरलेल्या भागाची सूज उतरते, स्नायू बारीक होतात आणि जेथे काल नळी बरोबर बसत होती तेथे आज हाड टोचू लागते. जुन्या पद्धतीच्या लाकडी पायात अशा वेळी कोरण्याखेरीज उपाय नसे. पॉलिथिलीनच्या नळीत कारागीर दुखणाऱ्या जागेवर खूण करतो, तेवढाच भाग गरम हवेने नरम करतो आणि आतून गोल टोकाच्या दांड्याने किंचित बाहेर रेटतो. नळी निवेपर्यंत रुग्ण बाकावर बसून राहतो, आणि मग पुन्हा घालून चार पावले टाकून पाहतो.